जर्सीवर काही घालाचं नाही

थंडी म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाले कळतच नाही. उन्हाळ्याबद्दल विचारा, त्यात आम्ही मास्टर आहोत. सत्तेचाळीस अंशात डोक्याले दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून आम्ही भर दुपारी बर्डीवर खरेदी करतो आन् वरून तर्री-पोहे खातो. पण जानेवारीत पारा आठवर आला की आमचं सुरू होते, ही कायची थंडी, चार दिवसाची तर आहे. कोणी कानटोपी घातली की लोक त्याले हसतात. या शहाणपणापायी माझी दोन वर्षांची मेहनत मातीत गेली, म्हणून मी बोलून राहिली. ज्याले ऐकाचं नसन त्यानं खुशाल उठून जावं.

मी भूमिका. सक्करदऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. वय त्रेचाळीस. दिवसभर ब्लाऊज आन् पंजाबी ड्रेस शिवते, आन् पहाटे पोहते, सायकल चालवते, पळते. हे सारं एका शर्यतीसाठी. आधी तलावात दोन किलोमीटरले जरासं कमी पोहाचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळाचं, मधात थांबणं नाही. सकाळी पावणेसातले सुरू होते. सव्वाबाराच्या आत सायकल परत आली नाही तर पळूच देत नाहीत. पायाले बांधलेली वेळ मोजाची चिप काढून घेतात आन् घरी पाठवतात.

मागच्या वर्षी माझी चिप काढून घेतली. चार मिनिटं उशीर झाला मले. ती चार मिनिटं कुठं गेली तेही सांगते. माझा नवरा स्वानंद, तोही त्याच शर्यतीत होता. सावनेरच्या रस्त्यावर हा पंक्चर होऊन उभा. हातात ट्यूब धरून तिच्याकडे असा पाहून राहिला, जशी काही तीच याले सांगणार आहे काय करू. मी उतरली, ट्यूब बदलून दिली, हवा भरून दिली. आयता आराम झालेला हा सुसाट निघाला, वेळेत पोचला, पळाला, मेडल घेतलं. मी राहिली. ते मेडल आमच्या हॉलमधे टीव्हीच्या वर लटकून आहे. पाहुणे आले की हा सांगते, भूमिकानं त्या दिवशी लय मदत केली. मी तेव्हा चहाचे कप जरा जोरातच ठेवते.

म्हणून या वर्षी मी ठरवलं होतं. कोणी पडो, कोणी रडो, मी सायकलवरून उतरणार नाही. मले ते एकवीस किलोमीटर पळाचे होते. जिंकाचं नव्हतं, कोणाले हरवाचं नव्हतं. फक्त पळाले मिळालं पाहिजे आन् शेवटची लाइन माझ्या पायानं ओलांडली पाहिजे, एवढंच.

पाच दिवस आधीपासून हवामानवाले सांगून राहिले होते की उत्तरेचा वारा आहे, ढग आहे, पाऊस येऊ शकते, गारही पडू शकते. नाहीच पडली तर दहा वाजता चांगलं ऊनही निघू शकते. म्हणजे काहीही होऊ शकते. अशा दिवशी कपडे घालणं ही मोठी आफत असते. तलावातून ओलं निघाचं आन् तसंच वाऱ्यात सायकलवर बसाचं. कमी घातलं तर आखडता, जास्त घातलं तर तासाभरात घामानं भिजता आन् मग पुन्हा आखडता. बाजारातले जॅकेट मी चाळून चाळून पाहिले. एक तर बरसातीचे, त्यात आतून माणूस शिजते, नाही तर फॅशनचे, ते पाणी पिऊन जड होतात. मग मी स्वतःच शिवाले बसली. दोन जॅकेट शिवले, एक माझं आन् एक स्वानंदचं.

समोरून वारा अडवणारं कापड घेतलं, पाठीले जाळी लावली. आतून पातळ लोकरीचं अस्तर. सुती धागा एक नाही, कारण सुती कपडा ओला झाला की अंगाची सारी गर्मी खाऊन टाकते. बाह्या वेगळ्या, चेननं निघणाऱ्या, म्हणजे ऊन निघालं तर काढून खिशात टाकता आल्या पाहिजेत. ओल्या हातावर बाही चढत नाही, म्हणून ती मनगटापासून बगलेपर्यंत उघडणारी केली. गारठलेल्या बोटाले चेन पकडता येत नाही, म्हणून तिले लांब नाडी लावली. लग्नसराईचे ब्लाऊज बाजूले ठेवून अकरा दिवस मी हेच केलं. स्वानंदनं घालून पाहिलं, आरशासमोर दोनदा फिरला, म्हणे एकदम इम्पोर्टेड वाटते. मले बरं वाटलं, खोटं कायले सांगू.

आता ओमप्रकाशभाऊ. हे आमच्या क्लबचे अध्यक्ष. मनीषनगरच्या पलीकडे यांचे लेआउट आहेत, शेत घेतात, प्लॉट पाडतात आन् विकतात. सायकलवर बसलेले मी त्यांना एकदाच पाहिलं, फोटोसाठी, तेव्हाही मागून दोघांनी सीट धरली होती. शर्यत बाहेरगावच्या एका संस्थेची, पण इथली सारी व्यवस्था आमच्या क्लबकडे, आन् क्लब म्हणजे भाऊ. त्यांनी सगळ्यांना जर्सी वाटल्या. पिवळ्या धम्मक. छातीवर लेआउटचं नाव, पाठीवर भाऊचा मोबाइल नंबर. कापड असं की शिंक आली तर उसवन.

दोन दिवस आधी ग्रुपवर भाऊचा मेसेज आला. ड्रोन लावला आहे, शूटिंग होणार आहे, जर्सीवर कोणीही काही घालाचं नाही, नाव दिसलं पाहिजे. आठ वाजता ऊन निघनच. त्याच्या खाली बाहेरच्या संस्थेचाही मेसेज होता, की पारा बाराच्या खाली असन तर गरम जॅकेट बॅगेत असणं कम्पलसरी आहे, बॅगा तपासल्या जातील. तरी भाऊच्या मेसेजवर बावीस जणांचे अंगठे. माझाही होता. आमच्याकडे अध्यक्षाले कोणी नाही म्हणत नाही. हो म्हणतात आन् आपल्या मनाचं करतात. सगळ्यांनी अंगठा दिला आन् सगळ्यांनी जॅकेट बॅगेत भरलं. यात कोणाले काही गैर वाटत नाही, भाऊलेही वाटत नसन.

शनिवारी संध्याकाळी खाप्याजवळच्या शर्यतीच्या तलावावर, पोहून आल्यावर कपडे बदलाच्या मंडपात, आम्ही बॅगा जमा केल्या. संस्थेचे गिरिधर सर म्हणून एक होते, चष्मेवाले, मितभाषी. त्यांनी एकेक बॅग उघडून जॅकेट हातानं चाचपून पाहिलं आन् चिट्ठी लावली. माझं जॅकेट पाहून विचारलंही, कुठून घेतलं. मी म्हटलं, घरचं आहे. मग मंडप बंद झाला. त्याच्यानंतर आत जायाची परवानगी फक्त व्यवस्थेतल्या लोकांना होती. स्वानंद क्लबचा सचिव, त्याच्या गळ्यात पास. जेवणाच्या आधी तो एक चक्कर मारून आला, म्हणे मंडपातली व्यवस्था पाहून येतो. मी म्हटलं, जा.

रविवारी सकाळी पारा नऊवर होता. धुकं इतकं की तलावातली नारिंगी खूण दिसत नव्हती. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम होतं, म्हणून पोहताना काही वाटलं नाही. मी आरामात पोहली, पंचावन्न मिनिटांत बाहेर आली. बाहेर पाय ठेवला आन् वारा लागला. असा वारा मी नागपुरात कधी पाहिला नव्हता. दात वाजाले लागले. पण मी खूश होती, कारण माझ्या बॅगेत काय आहे हे मले माहीत होतं. मी बाकावर बसली, बॅग उलटी केली. मोजे, बूट, हेल्मेट, टॉवेल पडला. जॅकेट नाही. त्याच्या जागी पिवळी जर्सी, नीट घडी करून.

मी पुन्हा बॅग झटकली. मग आजूबाजूले पाहिलं. क्लबच्या बाया, माणसं सगळे काळे-निळे जॅकेट चढवून राहिले होते, जर्सी आत. फक्त स्वानंद समोरच्या बाकावर बसला होता, पिवळी जर्सी घालून, ओठ जांभळे. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तिथंच मले सारं समजलं.

"जॅकेट कुठं आहे?"

"डिक्कीत. दोन्ही," तो म्हणाला. "भाऊनं सांगितलं होतं वं. ऊन निघन म्हणे आठले."

"सगळ्यांनी घातलं ना गा. तुलेच काहून सांगितलं भाऊनं?"

"सांगितलं सगळ्यांलेच. पण मी सचिव आहो. माझ्याच घरच्या माणसानं नाही ऐकलं तर कसं दिसन?"

गाडी तिथून दीड किलोमीटर लांब, रस्त्याच्या पलीकडे लावलेली. मी ओल्या केसांनी तिथं उभी होती आन् माझ्या कपाळाची शीर उडून राहिली होती. त्यानं स्वतःचं काढलं असतं तर मी म्हटलं असतं, मर. पण माझी बॅग उघडून, मी अकरा दिवस बसून शिवलेलं जॅकेट काढून, त्याच्या जागी घडी करून जर्सी ठेवली. मले विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याले पक्कं माहीत होतं. आन् घडीही किती सुबक. एवढी सुबक घडी त्यानं घरी कधी घातली नाही.

भांडाले वेळ नव्हता. मी जर्सी चढवली, सायकल काढली आन् निघाली. तो आधीच निघून गेला होता.

रस्ता असा होता की पंधरा किलोमीटर उत्तरेले जाचं, पंधरा परत याचं, असे तीन फेरे. जाताना वारा तोंडावर. दहा किलोमीटर होईपर्यंत माझ्या हाताची बोटं माझी राहिली नव्हती. ब्रेक दाबाले गेली तर बोटं वाकतच नव्हती. मग पाऊस सुरू झाला, बारीक, सुईसारखा. ती जर्सी अंगाले अशी चिकटली की भाऊचा मोबाइल नंबर पाठीवर गोंदल्यासारखा वाटत होता. मी मोठ्यानं शिव्या देऊन राहिली होती. कोणाले म्हणाल तर सगळ्यांना. भाऊले, स्वानंदले, ड्रोनले, हवामानवाल्यांना, आन् नवऱ्याच्या गळ्यातला पास पाहूनही बॅगेले कुलूप न लावणाऱ्या स्वतःले.

बारा किलोमीटरवर रस्त्याच्या कडेले संत्र्याचा ढीग होता. ताडपत्रीखाली एक बाई संत्री निवडून पेटीत भरत होती, पेटीच्या तळाले जुने पेपर आंथरून. नाव तिचं कौशल्या, हे मले नंतर कळलं. मी सायकल थांबवली खरी, पण उतरता येईना, पाय पॅडलवरून सुटत नव्हता. तिनं मले धरून उतरवलं. म्हणे, अवं माय, मराले निघाली का तू, अंगात सुटर नाही? मी म्हटलं, नवऱ्यानं काढून ठेवलं. तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. 

तिनं पेपरचा गठ्ठा दिला. मी जर्सीच्या आत छातीवर, पोटावर पेपर भरले, चार-चार पदरी. मग ती युरियाचं रिकामं पोतं घेऊन आली, धुतलेलं, कोरडं. विळ्यानं ती मधातून फाडाले लागली, मी थांबवलं. विळा माझ्या हातात घेतला. बोटं वाकत नव्हती, तरी गळा मीच कापला, नऊ इंचाचा, समोरून जरा खोल म्हणजे मान वाकवली तर घासणार नाही. बाहीच्या जागी दोन चिरा. वीस वर्षांत मी यापेक्षा वाईट कपडा शिवला नाही आन् यापेक्षा कामाचाही नाही. दहा मिनिटं गेली. पण पोतं घातलं आन् पाच मिनिटांत वारा अंगाले लागणं बंद झालं. पेपरातून गर्मी धराले लागली. मी सायकलवर बसून रडली थोडी. रागानं रडली, हे स्पष्ट सांगते, कारण लोक लगेच बिचारी म्हणतात.

पहिल्या फेऱ्याच्या शेवटी भाऊची जीप आली, खिडकीतून भोंगा बाहेर. भाऊ भोंग्यातूनच बोलले, की वहिनी, नाव झाकून राहिलं, ड्रोन येऊन राहिला, ते पोतं जरा दोन मिनिटं काढा. मी काय बोलली ते इथं सांगत नाही. जीपची काच वर गेली आन् ती जीप मग दोन तास माझ्या जवळपास दिसली नाही, एवढंच सांगते.

दुसरा फेरा मी जोरात काढला. गारा पडल्या दहा मिनिटं, हेल्मेटवर टकाटक वाजल्या, पोत्यावरून घरंगळल्या. अंग गरम होतं. तिसऱ्या फेऱ्याले वळली तेव्हा घड्याळात पावणेअकरा. मी हिशोब केला. आहे त्याच चालीनं गेली तर बारा वाजून पाच मिनिटांनी मी आत. दहा मिनिटं हातात. मले समोरचा रस्ता दिसत नव्हता, मले फक्त ते एकवीस किलोमीटर दिसत होते. माझ्या पायात जीव होता. आज होणार, हे मले पक्कं ठाऊक होतं.

अडुसष्टाव्या किलोमीटरवर नाल्यावरची एक मोरी आहे. तिच्या कठड्यावर पिवळी जर्सी बसलेली दिसली. सायकल खाली पडलेली, चाक वाऱ्यानं फिरून राहिलेलं. मी लांबूनच ओळखलं. आन् मी मनात म्हटलं, नाही. अजिबात नाही. मागच्या वर्षी ट्यूब, या वर्षी मोरी. बसला असन दम खाले. मागून स्वयंसेवकांची मोटारसायकल येतेच. मी मान खाली घातली आन् पॅडल मारलं. मी खरंच त्याच्या पुढं गेली. वीस-पंचवीस फूट गेली असन.

पण जाता जाता मी एक पाहिलं होतं. तो कापत नव्हता. सकाळी बाकावर त्याचे दात वाजत होते, आन् आता या वाऱ्यात, या ओल्या जर्सीत तो शांत बसला होता. कापणं थांबलं म्हणजे अंगानं हार मानली, हे आम्हाले क्लबमधेच शिकवलं होतं. मी ब्रेक दाबला. तोंडातून काय निघालं ते सांगता येणार नाही.

जवळ गेली तर तो हसला. म्हणे, भूमिका, दुकान बंद केलं का? त्याची जीभ जड झाली होती. मी त्याची बोटं पाहिली, पांढरी फटक. जर्सीची चेन अडकलेली, उघडत नव्हती. मी बाजूची शिलाई पाहिली. एकच टाका, तोही लांब लांब. दोन्ही हातांनी धरून ओढली, टर्रकन बगलेपर्यंत उसवली. ती ओली पिवळी चिंधी काढून मोरीखाली फेकली. मग माझं पोतं काढलं, माझ्या अंगातले पेपर काढले, गरम होते अजून. त्याच्या छातीले, पाठीले लावले, वरून पोतं घातलं. त्याले कवेत घेऊन बसली, माझी पाठ वाऱ्याकडे. एक सायकलवाला जाऊन राहिला होता, त्याले ओरडून सांगितलं की पुढं ॲम्ब्युलन्स सांग.

घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती तेव्हा. मग अकरा-पंधरा. मग अकरा-वीस. घड्याळ माझ्या मनगटावर, मनगट त्याच्या पाठीवर, मले ते दिसतच होतं. जीव आहे, लग्नाचा नवरा आहे, थांबावंच लागते, त्यात काही उपकार नाही. कोणीही थांबलं असतं. पण माझ्या पोटात जी आग होती ती त्या वाऱ्यानं विझली नाही. हे टाळता येत होतं. एक जॅकेट, बॅगेत, चिट्ठी लावलेलं, तपासलेलं. फक्त हात लावाचा नव्हता.

अकरा-एकतीसले ॲम्ब्युलन्स आली. तरुण डॉक्टरीणबाई होती, तिनं त्याले कंबलमधे गुंडाळलं, ऑक्सिजन लावला, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. तोपर्यंत त्याचं कापणं पुन्हा सुरू झालं होतं, म्हणे हे चांगलं लक्षण आहे, वेळेवर सापडले. मागोमाग भाऊची जीप. डॉक्टरीणबाईनं विचारलं, यांच्याकडे जॅकेट कसं नाही, कम्पलसरी होतं ना? भाऊनं आभाळाकडे पाहिलं. आन् स्वानंद, ज्याले दहा मिनिटांआधी स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तो मास्क बाजूले करून म्हणाला, "घरीच विसरलो मॅडम. दोघांचेही." म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणावं असं त्याचं पाहणं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणे, तुम्हीही चढा, तुमचेही ओठ निळे पडले आहेत. मी म्हटलं, नाही. तिनं एक कंबल माझ्या अंगावर टाकलं, ते मी पाठीवर गाठ मारून बांधलं. सायकल उचलली. अकरा-पस्तीस. बावीस किलोमीटर, चाळीस मिनिटं. माझ्यानं होणार नाही, हे मले माहीत होतं. तरी मी गेली. येताना वारा पाठीशी होता, मी कधी चालवली नाही अशी सायकल चालवली. छातीत दुखाले लागलं, तोंडात लोखंडाची चव आली. कौशल्या ताडपत्रीखालून उठून उभी राहिली, हात वर केला. मले हात उचलता आला नाही.

तलावावर पोचली तेव्हा बारा-सत्तावीस. आत जायाची कमान होती तिथं दोरी बांधून टाकली होती. दोरीच्या पलीकडे लोक पळून राहिले होते. ऊन पडलं होतं चांगलं. बारा मिनिटं. मी सायकल धरून त्या दोरीपाशी उभी राहिली, आन् गिरिधर सर खाली वाकून माझ्या पायाची चिप काढाले लागले. त्यांनी सावकाश काढली, पट्टा रुतला होता. मग टेबलावर बसले, फॉर्म ओढला. म्हणे, शर्यत अर्धवट सुटली त्याचं कारण लिहावं लागते, काय लिहू?

भाऊ जीपमधून आधीच येऊन तिथं उभे होते. ते पुढं सरकले. आवाज एकदम मऊ करून म्हणाले, वहिनी, पंक्चर लिहा. जॅकेटचं निघालं तर आपल्याकडची व्यवस्था काढून घेतील, पुढच्या वर्षी शर्यतच होणार नाही नागपुरात. स्वानंदचंही नाव खराब होईन. घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या.

सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. क्लबच्या दोघी जणी होत्या तिथं, जॅकेट घातलेल्या, ज्यांनी ग्रुपवर अंगठा दिला होता. त्यांनी खाली पाहिलं. मीही दिला होता अंगठा, ते मी विसरली नाही. त्या क्षणी मले वाटलं, की आजही मी हो म्हटलं आन् पंक्चर लिहिलं, तर मी मेली तरी कोणाले काही बोलू शकणार नाही.

"लिहा सर," मी म्हटलं. "काल तुम्ही तपासल्यावर माझ्या नवऱ्यानं मंडपात जाऊन आमच्या दोघांच्या बॅगेतून जॅकेट काढले. अध्यक्षांच्या सांगण्यावरून. त्यांचं नाव झाकू नये म्हणून. तो रस्त्यात गारठून पडला, मी थांबली. हे कारण आहे."

गिरिधर सरांचा पेन थांबला. त्यांनी भाऊकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणे, मॅडम, हे लिहिलं की मले वर पाठवावं लागते, मग मागं घेता येत नाही. मी म्हटलं, मागं घेणार नाही. त्यांनी लिहिलं, अक्षर मोठं सुंदर होतं त्यांचं. मी वाचलं आन् सही केली. 

ॲम्ब्युलन्स मंडपाच्या मागं उभी होती. स्वानंद मागच्या पायरीवर बसून चहा पिऊन राहिला होता, कंबल गुंडाळून, गालावर रंग आलेला. डॉक्टरीणबाई म्हणे, आता धोका नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिली. त्याले पाहून मले बरं वाटलं, हे सांगाले लाज नाही. वाचला. दोन मुलांचा बाप आहे, अठरा वर्षांचा संसार आहे.

त्यानं विचारलं, "टेबलावर काय लिहिलं तुवं?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.  मग म्हणाला, "आता भाऊ काय म्हणन वं?"

मी थांबली. त्यानं मले आणखी एक गोष्ट विचाराची राहिली होती. ती विचाराले दोन शब्द लागतात, पोचली का. मी उभी राहिली तिथं, चांगली दोन-तीन मिनिटं. तो भाऊची जीप कुठं आहे ते पाहून राहिला होता.

मी हात पुढं केला आन् म्हटलं, "गाडीची चाबी दे."

त्याले वाटलं मी कोरडे कपडे आणाले जाऊन राहिली. त्यानं कंबलातून हात काढून बाजूच्या बॅगेतून चाबी दिली. मी म्हटलं, मी घरी चालली. भाऊच्या जीपमधे लय जागा आहे, तू त्यांच्याच संगं ये.